बाहेर पडण्याची वाट

सरकारी खाती, बँका, इस्पितळे, विद्यापीठे आणि वृत्तपत्रे यांचे दप्तर गेल्या पंधरा वर्षांत ‘क्लाउड’ नावाच्या व्यवस्थेकडे झपाट्याने गेले आहे. हे स्थलांतर होताना करारावर सह्या होतात, खर्च किती वाचेल याचे आकडे जाहीर होतात आणि मंत्रिमहोदयांचे भाषणही होते. उद्या त्या पुरवठादाराकडून निघावे लागले तर दप्तर कसे आणि किती दिवसांत हलविता येईल, हा प्रश्न मात्र त्या समारंभात सहसा कोणी विचारीत नाही. घर भाड्याने घेताना आपण भाडे विचारतो तशा ते सोडण्याच्या अटीही विचारतो. सार्वजनिक दप्तराच्या बाबतीत हे साधे शहाणपण आपण का विसरावे, हे आम्हांला समजत नाही. एका क्लाउडला दुसऱ्या क्लाउडची भाषा समजली पाहिजे, हा विषय वरवर पाहता केवळ अभियंत्यांचा वाटतो. त्याची चर्चा आम्ही या स्तंभात करीत आहोत ती याच कारणासाठी.

क्लाउड म्हणजे कोणा मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरमधील हजारो सर्व्हर होत. त्यांतील साठवणुकीची जागा आणि गणनाची शक्ती आपण भाड्याने घेतो. तेथे माणूस जाऊन काही करीत नाही. आपला प्रोग्रॅम त्यांच्या प्रोग्रॅमला विनंत्या पाठवितो. ही फाइल ठेव, ती परत दे, नवा सर्व्हर चालू कर, अमक्याला प्रवेश दे, अशा त्या विनंत्या असतात. त्या कोणत्या शब्दांत व कोणत्या क्रमाने करावयाच्या आणि उत्तर कोणत्या स्वरूपात येईल, याचा जो ठरीव नमुना असतो त्याला एपीआय म्हणतात. मामलेदार कचेरीत एक-चौदाचा उतारा मागताना गावाचे नाव आणि सर्व्हे क्रमांक ठरलेल्या रकान्यांतच लिहावे लागतात. रकाना चुकला की अर्ज परत येतो. क्लाउडची खिडकी याहूनही काटेकोर आहे, आणि प्रत्येक पुरवठादाराचा अर्ज वेगळा आहे. एकाच्या खिडकीसाठी लिहिलेले हजारो अर्ज दुसऱ्याच्या खिडकीवर चालत नाहीत. ते सारे नव्याने लिहिणे टाळावयाचे असेल तर दुसऱ्या क्लाउडने पहिल्याच्या नमुन्यातील अर्ज जसेच्या तसे स्वीकारण्याची सोय करावी लागते. यालाच सुसंगती म्हणतात.

गोमंतकाला ही कल्पना अपरिचित नाही. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारातून मुरगाव बंदर आणि तेथून घाट चढून जाणारा लोहमार्ग उभा राहिला. हा मार्ग मीटर गेजचा होता आणि कॅसलरॉक येथे तो ब्रिटिश हद्दीतील सदर्न मराठा रेल्वेच्या मीटर गेज मार्गाला मिळत होता. दोन राज्ये, दोन कायदे, दोन चलने; परंतु रुळांमधील अंतर एकच असल्यामुळे सरहद्दीवर माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरण्याची पाळी निदान रुळांमुळे तरी येत नव्हती. अर्थात त्याच कराराने गोव्याच्या मिठावर ब्रिटिश सरकारचे नियंत्रण आले, आणि १८९२ मध्ये करार संपला तेव्हा कुठे ते सुटले. पुढे १९५५ मध्ये, सत्याग्रहाच्या पर्वात, सरहद्दीपलीकडील वाहतूक बंद झाली. रूळ तेच होते, परंतु फाटक लागले होते. या इतिहासातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. रूळ जुळले पाहिजेत हे खरे. पण ते कोणत्या अटींवर जुळले आणि फाटकाची किल्ली कोणाकडे राहिली, हेही पाहिले पाहिजे.

क्लाउडच्या जगात रुळांमधील अंतर प्रथम ठरविले ते ॲमेझॉनने. या कंपनीने २००६ च्या मार्चमध्ये एस-थ्री ही साठवणुकीची सेवा सुरू केली आणि त्याच वर्षी ईसी-टू ही सर्व्हर भाड्याने देण्याची सेवा आणली. इतर जागे होईपर्यंत हजारो प्रोग्रॅम ॲमेझॉनच्या नमुन्याप्रमाणे लिहिले गेले होते. कोणत्याही मानक संस्थेने ठराव केला नव्हता, कोणत्याही सरकारने अधिसूचना काढली नव्हती. वापराच्या जोरावर एका कंपनीचा खाजगी नमुना साऱ्या जगाचा प्रघात होऊन बसला.

या प्रघाताला पहिले मोठे उत्तर विद्यापीठातून आले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील संशोधकांनी युकॅलिप्टस नावाचे मुक्त सॉफ्टवेअर २००८ मध्ये लोकांपुढे ठेवले. कोणतीही संस्था आपल्या स्वतःच्या सर्व्हरवर ते बसवू शके, आणि ॲमेझॉनसाठी लिहिलेल्या विनंत्या ते समजून घेई. म्हणजे आज ॲमेझॉनकडे असलेले काम उद्या स्वतःच्या इमारतीत आणता येण्याची शक्यता निर्माण झाली. पुढे या कामासाठी कंपनी स्थापन झाली, आणि २०१२ च्या मार्चमध्ये ॲमेझॉननेच तिच्याशी सुसंगतीचा करार केला. अनेकांना तो मोठा विजय वाटला. परंतु ॲमेझॉनने हात दिला तो एका पुरवठादाराला; नमुना सर्वांसाठी खुला करून दिला नव्हता. २०१४ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डने ती कंपनी विकत घेतली. एका करारावर आणि एका कंपनीवर उभी असलेली सुसंगती किती काळ टिकेल, हे त्या कंपनीच्या मालकांवर अवलंबून राहते, हा त्यातला बोध होय.

याच सुमारास ओपनस्टॅक या दुसऱ्या मुक्त प्रकल्पात मोठा वाद झाला. नासा ही अमेरिकेची अंतराळ संस्था आणि रॅकस्पेस ही कंपनी यांनी २०१० मध्ये तो प्रकल्प सुरू केला होता. ओपनस्टॅकने स्वतःचा नमुना ठेवावा की ॲमेझॉनचा मनापासून स्वीकारावा, हा वादाचा मुद्दा होता. क्लाउडस्केलिंग या कंपनीचे रँडी बायस यांनी २०१३ मध्ये जाहीर पत्र लिहून दुसऱ्या मार्गाचा पुरस्कार केला. बाजार ज्या नमुन्याने चालतो त्याकडे पाठ फिरवून आपण आपलाच कोपरा धरून बसू, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. विरोधकांचे म्हणणेही पोकळ नव्हते. प्रतिस्पर्ध्याचा नमुना स्वीकारला की तो बदलेल तसे आपण बदलावयाचे. पुढे कोठे जायचे ते तो ठरविणार आणि आपण कायम त्याच्या मागे धावणार. यातून आपली प्रगती कशी होणार, असा त्यांचा सवाल होता. अखेर ओपनस्टॅकच्या मुख्य भागातून ईसी-टूच्या नमुन्याची सोय २०१६ मध्ये काढून टाकण्यात आली आणि ते काम एका वेगळ्या उपप्रकल्पाकडे गेले.

ईसी-टूच्या बाबतीत असे झाले, तरी एस-थ्रीचा नमुना मात्र सर्वत्र पसरला. ओपनस्टॅकच्या सोबतीने वापरले जाणारे सेफ हे मुक्त सॉफ्टवेअर तो समजते. गुगलच्या साठवणुकीलाही त्या नमुन्याने विनंत्या करता येतात. बॅकब्लेझ आणि क्लाउडफ्लेअर यांच्यासारख्या स्पर्धकांनी आपली साठवणूक त्याच नमुन्याने विकावयास काढली. हा फरक का पडला? साठवणुकीची भाषा मुळात थोडक्या शब्दांची आहे. ठेव, दे, यादी सांग, पुसून टाक, एवढ्यावर बहुतेक काम भागते. सर्व्हर चालविण्याची भाषा मात्र जाळी, पहारा, परवाने, किमती अशा असंख्य गोष्टींत गुंतलेली असते. शब्द थोडके आणि अर्थ स्थिर असला की सुसंगती साधते, ही व्यवहारातील मर्यादा आहे. सुसंगतीची मागणी करणाऱ्यांनी ती ध्यानात ठेवली पाहिजे.

शब्द जुळले तरी वर्तन जुळेलच असे नाही, ही दुसरी अडचण. एस-थ्रीवर एखादी फाइल बदलून लगेच वाचली तर जुनीच प्रत हाती येण्याची शक्यता पूर्वी असे. २०२० च्या डिसेंबरमध्ये ॲमेझॉनने ती स्थिती बदलली आणि नवी प्रतच मिळेल अशी हमी दिली. त्यानंतर लिहिलेले प्रोग्रॅम त्या हमीवर विसंबणार हे उघड आहे. ‘आम्हीही एस-थ्रीशी सुसंगत’ अशी पाटी लावणाऱ्या सेवेने ती हमी पाळली नाही, तर हिशेबात चूक होईल आणि ती कोठे झाली हे शोधण्यातच दिवस जातील. २०२५ च्या जानेवारीत याचा आणखी एक अनुभव आला. फाइल वाटेत बिघडली नाही ना, हे तपासण्याची नवी पद्धत ॲमेझॉनने आपल्या प्रोग्रॅमिंगच्या साधनांत आपोआप चालू होईल अशी केली. परिणामी, तीच साधने वापरून इतरांच्या सुसंगत सेवांशी बोलणारे प्रोग्रॅम कित्येक ठिकाणी अडखळले. ॲमेझॉनचा हेतू चांगला होता, यात शंका नाही. परंतु रस्ता ज्याच्या मालकीचा तो दुरुस्तीसाठी खणतो तेव्हा शेजाऱ्यांना विचारीत नाही, हे त्यातून दिसले.

असा नमुना दुसऱ्याने वापरावा की नाही, हा कायद्याचाही प्रश्न आहे. जावा या भाषेच्या एपीआयवरून ओरॅकल आणि गुगल यांच्यात दहा वर्षांहून अधिक काळ खटला चालला. गुगलने अँड्रॉइडसाठी जावाच्या विनंत्यांची नावे व रचना, सुमारे ११,५०० ओळी, उचलली होती. त्यामागचे काम करणारा प्रोग्रॅम मात्र स्वतः लिहिला होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२१ रोजी सहा विरुद्ध दोन अशा बहुमताने गुगलचा हा वापर वाजवी ठरविला. एपीआयवर कॉपीराइट असतो की नाही, या मूळ प्रश्नाचा निकाल मात्र न्यायालयाने दिला नाही. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये, स्वतंत्रपणे तयार केलेला प्रोग्रॅम इतर प्रोग्रॅमशी जुळवून घेण्यासाठी आवश्यक व अन्यथा सहज न मिळणारी माहिती काढून घेण्यास मुभा आहे. म्हणजे जुळवून घेणे ही चोरी नव्हे, हे तत्त्व आपल्या कायद्याने ओळखले आहे. ते वापरण्याची इच्छा खरेदीदार सरकारने दाखविली पाहिजे.

इतके सव्यापसव्य कशासाठी, असे कोणी विचारील. मोठे पुरवठादार सक्षम आहेत, त्यांची सेवा बहुधा चोख असते, मग निघून जाण्याची भाषा हवी कशाला? अलीकडच्या काही घटनाच याचे उत्तर देतात. ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचे पाच लाखांहून अधिक सभासद आहेत. २०२४ च्या मे महिन्यात गुगल क्लाउडवरील त्याची व्यवस्था पुरवठादाराकडील एका चुकीमुळे पुसली गेली. सभासदांना आठवडाभराहून अधिक काळ आपली खाती पाहता आली नाहीत. निधीने दुसऱ्या पुरवठादाराकडे प्रती ठेविल्या होत्या, त्या सावरण्याच्या कामी आल्या. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातील केंद्रात डीएनएसच्या दोषामुळे बिघाड झाला आणि जगभरातील अनेक सेवा कित्येक तास खोळंबल्या.

तिसरी घटना आपल्याच देशातली आहे. युरोपीय संघाने १८ जुलै २०२५ रोजी रशियाविरुद्धच्या निर्बंधांत गुजरातेतील वाडिनारची रिफायनरी चालविणाऱ्या नायरा एनर्जीचा समावेश केला. त्यानंतर काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने त्या कंपनीला दिलेल्या सेवा थांबविल्या. तिला दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले आणि महिनाअखेरीस सेवा पूर्ववत झाल्या. नायराच्या भागभांडवलात रशियन कंपनीचा वाटा आहे हे खरे. त्या राजकारणात आम्ही येथे शिरत नाही. परंतु भारतात नोंदलेल्या, भारतीय कायदा पाळणाऱ्या आणि पैसे भरणाऱ्या ग्राहकाचे कामकाज परदेशातील निर्णयाने एका रात्रीत थांबू शकते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. उद्या एखाद्या राज्य सरकारच्या जमिनीच्या नोंदींवर किंवा इस्पितळाच्या केसपेपरांवर असा प्रसंग आला तर न्यायालयाच्या तारखेची वाट पाहणे नागरिकांना परवडणार नाही.

सुसंगतीविरुद्ध तीन आक्षेप घेतले जातात आणि त्यांत तथ्यांश आहे. सर्वांना समजेल तेवढेच वापरावयाचे ठरविले तर पुरवठादाराच्या विशेष सोयींना मुकावे लागते. दुसरे, जुळवून घेण्याची व्यवस्था राखण्यास सतत खर्च येतो. तिसरे, बलवानाचाच नमुना सर्वांनी गिरविला तर त्याचे बळ आणखी वाढते. यांपैकी पहिल्या दोहोंना आमचे उत्तर असे की, हा विम्याचा हप्ता आहे. जेथे दप्तर लोकांचे आहे तेथे तो भरलाच पाहिजे, आणि जेथे काम तात्पुरते आहे तेथे तो टाळता येईल. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. त्याचा परिहार एकच: जो नमुना लोकव्यवहाराचा प्रघात झाला आहे, तो एका कंपनीच्या मर्जीवर न सोडता त्याला सार्वजनिक मानकाचे रूप द्यावयाचे. मग बदल करण्यापूर्वी सर्व संबंधितांचे ऐकून घेणे भाग पडेल.

मराठी वृत्तपत्रांना हे पटवून देण्याची गरज पडू नये. संगणकावर मराठी अक्षरजुळणी सुरू झाली तेव्हा प्रत्येक विक्रेत्याच्या फॉन्टमध्ये अक्षरांना दिलेले क्रमांक वेगळे होते. एका फॉन्टमध्ये जुळविलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की निरर्थक चिन्हांची रांग दिसे. बातमी आपली, शब्द आपले, परंतु ते वाचण्याची किल्ली विक्रेत्याची, अशी ती अवस्था होती. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये इस्की हे मानक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. तरीही छपाईच्या व्यवहारात जुने फॉन्ट वर्षानुवर्षे टिकून राहिले आणि त्या काळचा पुष्कळ मजकूर फॉन्ट बदलण्याचे प्रोग्रॅम वापरून सोडवावा लागला. मानक असणे पुरेसे नसते. खरेदी करणाऱ्याने ते मागितले नाही, तर विकणारा ते आपण होऊन देत नाही.

युरोपने ही मागणी कायद्याने केली आहे. युरोपीय संघाचा डेटा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. ग्राहकाने निघण्याची सूचना दोन महिन्यांहून आधी द्यावी असे पुरवठादाराला म्हणता येत नाही. स्थलांतरासाठी साधारणतः तीस दिवसांची मुदत आहे. आणि १२ जानेवारी २०२७ पासून स्थलांतराबद्दल कोणतेही शुल्क आकारता येणार नाही. आत येणे विनामूल्य आणि बाहेर पडताना डेटावर जकात, हा या धंद्याचा जुना रिवाज होता. कायद्याची चाहूल लागताच २०२४ च्या पहिल्या तिमाहीत गुगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनीही कायमचे निघून जाणाऱ्या ग्राहकांना ही जकात माफ केली. जी गोष्ट अशक्य म्हणून सांगितली जाते ती नियम येणार असे दिसताच शक्य होते, हा अनुभव येथेही आला. आपल्या केंद्र सरकारने २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण आणि २०१५ मध्ये खुल्या एपीआयचे धोरण जाहीर केले आहे. सरकारी यंत्रणांनी परस्परांशी खुल्या नमुन्याने बोलावे, हा त्यामागील विचार स्तुत्य आहे. परंतु जो खुलेपणा सरकार आपल्या खात्यांकडून अपेक्षिते, तोच ते आपल्या पुरवठादारांकडून मागते काय?

आमची मागणी राज्य सरकारांकडे आहे. पणजी, मुंबई, बंगळूर, कोठेही क्लाउडसाठी निविदा निघेल तेव्हा तीत पुढील अटी असाव्यात. डेटा खुल्या स्वरूपात परत मिळण्याचा हक्क लिहून घ्यावा. कोणती सेवा दुसऱ्या पुरवठादाराच्या नमुन्याशी सुसंगत आहे आणि कोणती नाही, याची यादी पुरवठादाराने बोलीबरोबर द्यावी. ‘सुसंगत’ या शब्दावर विश्वास न ठेवता सरकारने स्वतः चाचणी घ्यावी. निघून जाण्याचा खर्च बोलीच्या एकूण रकमेत धरावा, म्हणजे स्वस्त प्रवेशाचे आमिष उघडे पडेल. एक ताजी प्रत दुसऱ्याच्या ताब्यात सदैव असावी. आणि वर्षातून एकदा एखादी महत्त्वाची सेवा प्रत्यक्ष दुसरीकडे चालवून पाहावी. आगीच्या बंबाची चाचणी आग लागल्यावर घेत नाहीत.

यांतील कोणतीही अट मोठ्या पुरवठादारांशी वैर धरण्यास सांगत नाही. त्यांनी उभे केलेले काम मोठे आहे आणि लहान संस्थांना त्याचा पुष्कळ लाभ झाला आहे. चांगल्या सेवेमुळे ग्राहक टिकतो तेव्हा तो व्यापार असतो. निघताच येत नाही म्हणून टिकतो तेव्हा ती वेठ होते. राज्य सरकारने आपल्या चालू करारांत निघण्याच्या अटी काय आहेत, हे विधानसभेच्या येत्या अधिवेशनात सभागृहापुढे ठेवावे. त्या नसतील तर नूतनीकरणाच्या वेळी घालून घ्याव्यात. विरोधी पक्षांनीही शून्य प्रहरातील आरडाओरड्यातून थोडा वेळ काढून हा एक प्रश्न विचारावा. दप्तर जनतेचे आहे, आणि ते कोठे ठेवावे हे ठरविण्याइतकाच तेथून हलविण्याचा अधिकारही जनतेच्या प्रतिनिधींकडे राहिला पाहिजे.